मुलांचं खाणं आणि वाढतं वजन: या चुका टाळा

नाशिकच्या इंदिरानगरमध्ये माझं पाळणाघर आहे. शाळा सुटली की मुलं व्हॅनमधून थेट आमच्याकडे येतात, दुपारचं जेवण आणि चारचं खाणं आमच्यासमोर होतं, त्यामुळे कुणाच्या डब्यात काय येतं, कोण किती खातं आणि कोण का खात नाही हे रोज दिसतं. "ताई, हा काही खातच नाही हो" म्हणून रडकुंडीला आलेली आई आणि "ताई, याचं वजन फार वाढलंय, काय करू" म्हणणारी आई, पुष्कळदा ही एकच आई असते, मधे फक्त चार-पाच वर्षं गेलेली असतात. म्हणून हे सगळं लिहायला घेतलं.

माझं म्हणणं एवढंच आहे की ताटात काय येणार, किती वाजता येणार आणि कुठे बसून जेवायचं हे मोठ्यांनी ठरवावं, आणि त्यातलं किती खायचं हे मुलाने. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं. काय पाहिजे ते मुलाला विचारतात (मॅगी की पास्ता?) आणि किती खायचं ते आजी ठरवते.

मोबाईल दाखवून भरवणं

ही चूक मी सगळ्यात जास्त बघते आणि सगळ्यात जास्त चिडते ती यावरच. तीन वर्षांचा एक मुलगा आमच्याकडे आला, आईने अंबडला नोकरी धरली होती. घरी जेवणाला तास-सव्वा तास लागायचा, कार्टून लावायचं, आजीने मागून घास कोंबायचे, पोरगं तो गालात धरून बसायचं, मग पाणी पाजून गिळायला लावायचं. आमच्याकडे पहिल्या दिवशी ताट पुढे ठेवलं तर तो समोरच्या भिंतीकडे बघत तोंड उघडून बसला. हात पुढे नाही, ताटात काय आहे ते बघणं नाही. तीन वर्षांच्या मुलाला ताटातलं उचलून खाता येत नव्हतं, कारण ते करायची वेळच त्याच्यावर कधी आली नव्हती.

आम्ही काय केलं, तर ताटात थोडंसं वाढलं. पोळीचे चार तुकडे, वरणभात, काकडीच्या चकत्या. बाकीच्या मुलांमध्ये बसवलं. अर्धा तास झाला की न रागावता, न विनवता ताट उचललं आणि पुढचं खाणं चार वाजता. मधे बिस्कीट नाही, दूध नाही, पाणी हवं तेवढं. पहिल्या दिवशी दोन घास गेले, संध्याकाळी आजी दारातच म्हणाल्या पोराला उपाशी ठेवलं. मी त्यांना आत बोलावून बसवलं आणि समजावलं की एका जेवणाला कमी खाल्लं तर निरोगी मूल पुढच्या वेळी भरून काढतं, त्याला भूक लागू द्या, भूक म्हणजे आजार नाही. हे त्यांना पटायला वेळ लागला. आधी काकडी गेली, मग शेजारच्या मुलाची पोळी ओढून खाल्ली (मला इतका आनंद झाला!), मग हळूहळू भात. दर सोमवारी मात्र गाडी मागे, कारण शनिवार-रविवार घरी परत मोबाईल. शेवटी बाबांनीच जेवताना घरातले सगळे फोन कपाटात ठेवायचं ठरवलं, स्वतःचासुद्धा, तेव्हा कुठे जम बसला.

आणि एक दिवस तो पोरगा ताट पुढे सारून म्हणाला, "बास, पोट भरलं." हे वाक्य मला फार मोलाचं वाटतं. पोट भरल्याचं कळणं ही मुलांकडे मुळातच असलेली गोष्ट आहे, स्क्रीनसमोर भरवून भरवून आपण ती बुजवतो, आणि मग तेच मूल आठ-नऊ वर्षांचं झालं की टीव्हीसमोर वेफर्सचं मोठं पाकीट संपवतं आणि त्याला कळतही नाही. तेव्हा आपण त्याला अधाशी म्हणतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितलंय की २ ते ४ वर्षांच्या मुलांना दिवसभरात १ तासापेक्षा जास्त स्क्रीन नको, त्याहून लहानांना तर नकोच. आपल्याकडे तो तास नुसत्या दुपारच्या जेवणात संपतो.

"अजून दोनच घास" हीसुद्धा तीच चूक. चिऊचा घास, काऊचा घास वर्षा-दीड वर्षाच्या बाळाला ठीक आहे, पाच वर्षांच्या मुलाला नाही. पानात टाकू नये ही शिकवण चांगलीच आहे, फक्त ती वाढणाऱ्याने पाळावी, म्हणजे कमी वाढा आणि मागितलं की पुन्हा वाढा.

दूध, पावडर आणि मधलं अधलं

जेवणाआधी तासभर दूध-बिस्कीट दिलं तर मूल जेवणार नाही, हे सांगायला आहारतज्ज्ञ लागत नाही, तरी रोज सांगावं लागतं. साध्या ग्लुकोज बिस्किटात साधारण पाव हिस्सा साखरच असते, पुड्याच्या मागे छापलेलं असतं, वाचा. दुधात घालायच्या पावडरीचंही तेच, डब्याच्या मागे १०० ग्रॅमला साखर किती ते बघा आणि मग त्याला पौष्टिक म्हणा. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाईन विक्री करणाऱ्या कंपन्यांना अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या वर्गातून काढायला सांगितलं, कारण अन्न कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' अशी काही व्याख्याच नाही. तरी आया मला डबा दाखवून विचारतात, ताई उंची वाढेल ना?

वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण कॅलरीच्या १० टक्क्यांच्या खाली, जमलं तर ५ टक्क्यांच्या खाली ठेवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. सहा वर्षांच्या मुलाला साधारण १४०० कॅलरी धरल्या तर ५ टक्के म्हणजे चारेक चमचे साखर, दिवसभराची. साध्या कोलाच्या २५० मिलीच्या बाटलीतच सहा चमचे असते. ज्यूसचं म्हणाल तर मोसंबी पिळून देण्यापेक्षा सोलून द्या, चोथा पोटात जाऊ दे. दूधही बेताने, दिवसाला अर्धा लिटरच्या आत. दुधावरच जगणारी मुलं जेवत नाहीत, लोह कमी पडतं आणि चेहरे पांढरे पडतात.

चार वाजता आमच्याकडे मुरमुऱ्याचा भत्ता, फळ, उसळ, नागलीचं (म्हणजे नाचणीचं) धिरडं असं काहीतरी असतं. नागलीवरून आठवलं, पेठ-सुरगाणा-त्र्यंबकची नागली आपल्याला इतकी सहज मिळते, कॅल्शियम भरपूर, १०० ग्रॅममध्ये ३४० मिलीग्रॅमच्या आसपास, ती सोडून लोक नागलीची बिस्किटं आणतात ज्यात पहिला घटक मैदा असतो. घटकांच्या यादीत जे सगळ्यात जास्त ते पहिलं लिहिलेलं असतं, एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मी फसवणूक टळेल. ब्राऊन ब्रेडलाही हेच लावून बघा.

जाड झालं म्हणून एकट्या मुलाला डाएट

दुसरी मोठी चूक ही. नऊ वर्षांची एक मुलगी, शाळेतल्या तपासणीत वजन जास्त निघालं. लगेच दुसऱ्या दिवसापासून डबा बदलला, नुसती काकडी आणि उकडलेले मूग. व्हॉट्सॲपवर आलेला कुठलातरी चार्ट, महिन्यात चार किलो कमी. घरात मात्र भाऊ चिप्स खातोय आणि रविवारी सगळे मिसळ खायला मखमलाबादकडे, हिने तिथे बसून बघायचं. मावश्या-काकवा येता-जाता "जाडे" म्हणून हाक मारणाऱ्या. पंधरा दिवसांत ती पोरगी लहान मुलांच्या डब्यातलं चोरून खायला लागली, दप्तरांच्या रॅकमागे चॉकलेटचे कागद सापडायला लागले. मी तिला एका शब्दाने बोलले नाही. आई-बाबांना बोलावलं आणि स्पष्ट सांगितलं, हिला नाही, घराला बदला.

वाढत्या वयात वजन उतरवायची घाई करू नका. बऱ्याच मुलांच्या बाबतीत वजन आहे तिथे थांबलं आणि उंची वाढत गेली की आकडा आपोआप जागेवर येतो, अर्थात हे मुलांच्या डॉक्टरांना विचारूनच. त्या घरात एवढंच झालं: पाकिटं आणणं बंद, कुणासाठीच नाही. रात्रीचं जेवण साडेदहावरून आठवर आणलं. मिसळ बंद नाही केली, महिन्यातून एकदा सगळ्यांनी मिळून खायची, तिनेसुद्धा. संध्याकाळी तासभर खेळ, कारण ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज ६० मिनिटं दमणारी हालचाल लागतेच, क्लासला स्कूटीवरून सोडणं त्यात धरायचं नाही. रविवारी बाबा तिला पांडवलेणीच्या पायऱ्या चढायला न्यायला लागले. वर्ष गेलं यात, पण चोरून खाणं थांबलं आणि पोरगी खुलली. ज्यांना हे सगळं पंधरा दिवसांत पाहिजे असतं त्यांच्याशी मी वाद घालत नाही, पण पावडर, चूर्ण, 'फॅट कटर' चहा असलं काही मुलाला देऊ नका, हात जोडून सांगते.

बाकीचं थोडक्यात

"भाजी संपव, मग चॉकलेट" म्हणू नका, भाजी शिक्षा होते आणि चॉकलेट बक्षीस. हुशारीचं बक्षीस खाण्याचं नकोच, सायकलवर चक्कर मारून आणा.

दोनदा थुंकलं म्हणून "त्याला दोडका आवडत नाही" असा शिक्का मारू नका. नवीन चव पटायला आठ-दहा, कधी पंधरा वेळा समोर यावी लागते. भाजीतला एक तुकडा पानात ठेवा आणि गप्प बसा.

शाळेच्या गेटपासून ५० मीटरच्या आत जास्त साखर-मीठ-तेलाचे पदार्थ विकू नयेत असा २०२० चा नियम आहे, पण घरच्याच डब्यात वेफर्स आले तर तो नियम काय करणार.

झोप. ६ ते १२ वयाला ९ ते १२ तास. रात्री अकरापर्यंत जागणारी मुलं दुसऱ्या दिवशी गोड मागत फिरतात.

द्राक्षांच्या सीझनमध्ये घरोघरी पेट्या येतात, खुशाल खाऊ द्या, पण पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खं द्राक्ष नको, उभं चिरून द्या, घशात अडकतं. अख्ख्या शेंगदाण्याचंही तसंच, त्यांना कूट द्या.

आणि मान काळी पडलीय म्हणून घासत बसू नका. वजन जास्त असलेल्या मुलाच्या मानेवर, काखेत काळपट जाडसर कातडी दिसली तर तो मळ नसतो, इन्शुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण असू शकते. झोपेत मोठ्याने घोरणं, थोडं खेळून धाप लागणं हेही दिसत असेल तर सरळ मुलांच्या डॉक्टरांकडे जा. ते बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, तो आकडा) मोठ्यांच्या तक्त्यावर नाही, मुलांच्या वय-लिंगाप्रमाणेच्या ग्रोथ चार्टवर बघतात, त्यामुळे मोबाईलच्या ॲपवर स्वतः काढून घाबरू नका. जाताना लसीकरणाची जुनी फाईल बरोबर न्या, मागची वजनं-उंच्या त्यातच लिहिलेल्या असतात.