चट्टा कोणत्या थरात आहे, ते आधी बघा

कोकणात डोळ्यांच्या कामाला सुरुवात करणाऱ्या नव्या डॉक्टरांना आणि ऑप्टोमेट्रिस्टना युव्हिआयटिसबद्दल, म्हणजे डोळ्याच्या आतल्या दाहाबद्दल, मी आधी एकच सांगतो. डोळ्याच्या पडद्यावर (रेटिनावर) पांढरट चट्टा दिसला, की स्टिरॉइडची चिठ्ठी लिहिण्याआधी सगळे फोटो काढून घ्या. दोडामार्ग किंवा मंडणगडच्या आतल्या वाडीतून सकाळची एसटी पकडून आलेला माणूस पुन्हा कधी येईल, हे पावसावर आणि शेतीवर ठरतं. औषध सुरू झालं की सूज उतरते आणि तिच्याबरोबर कारणाच्या खुणाही जातात.

शिकताना आपण चट्ट्याच्या रंगात आणि आकारात अडकतो. खरा प्रश्न थराचा असतो. ओसीटीची (प्रकाशाने पडद्याचे थर उभ्या कापासारखे दाखवणाऱ्या स्कॅनची) रेषा चट्ट्याच्या मधोमध न्या आणि एक कडेवरूनही घ्या. टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीच्या संसर्गामध्ये मुख्य आजार पडद्यात असतो: पडदा पूर्ण जाडीत पांढरा उजळतो आणि खालचं कोरॉइडही (पडद्यामागचा रक्तवाहिन्यांचा थर) सुजतं. रंगीत फोटोत शेजारी जुना काळा व्रण सापडला, तर शंका आणखी बळावते. क्षयाच्या कोरॉइडायटिसमध्ये मूळ खाली, कोरॉइडमध्ये असतं. तिथे ऑटोफ्लुरोसन्स (रंगद्रव्य न टोचता, पडद्याची स्वतःची चमक टिपणारा फोटो) फार उपयोगी पडतं. चट्टा पेटलेला असताना कडा धूसर उजळतात, बरा होऊ लागला की काळसर किनार येते आणि पूर्ण बरा झाल्यावर सगळा भाग काळा पडतो. म्हणून दर खेपेला त्याच जागेचा, त्याच सेटिंगवर फोटो हवा.

सगळ्यात जास्त जपायचं ते पडद्याखाली पाणी साठलेल्या पेशंटला. सीएससीमध्येही (सेंट्रल सिरस कोरिओरेटिनोपथी, कोरॉइडमधून पाणी झिरपण्याचा आजार) पाणी असतं, व्हीकेएचमध्येही (व्होग्ट-कोयानागी-हाराडा, प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटून होणारा दाह) असतं आणि कोरॉइड दोन्हींत जाड दिसतं. पण व्हीकेएच बहुधा दोन्ही डोळ्यांना होतो. ओसीटीत साठलेल्या पाण्यात पातळ भिंतींसारखे पापुद्रे दिसतात, खालचा थर लाटांसारखा दुमडतो आणि एफएफएमध्ये (शिरेत रंगद्रव्य टोचून काढलेल्या पडद्याच्या फोटोंमध्ये) सुरुवातीला टाचणीच्या टोकाएवढे असंख्य ठिपके गळताना दिसतात. डोळ्याची मुख्य नस (ऑप्टिक नर्व्ह) सुजलेली असते. व्हीकेएचला स्टिरॉइड तातडीने आणि भरपूर लागतात, सीएससी त्यांनीच बिघडतो. माझ्या मते नवख्याने इतर काही शिकण्याआधी हा फरक पक्का करावा.

पावसाळा संपत आला की आपल्याकडे वेगळीच रांग लागते. भातलावणीनंतर ताप येऊन गेलेली एक मावशी म्हणाली, ‘ताप गेल्यार डोळ्यांसमोर सगळा धुरकट दिसता.’ बाहुली मोठी करून पाहिलं, तर नसेच्या आजूबाजूला पांढरे चट्टे आणि रक्ताचे ठिपके होते. ओसीटीत पडद्याचे आतले थर उजळलेले, त्यांच्याखाली सावली आणि मॅक्युलात (पडद्याच्या मधल्या, बारीक नजरेच्या भागात) पाणी. ताप उतरल्यावर साधारण २ ते ४ आठवड्यांनी येणारा हा रेटिनायटिस (पडद्याचा दाह) डेंग्यू, चिकुनगुनिया, रिकेट्सिया (गोचीड-पिसवांतून पसरणारे जंतू) अशा अनेक तापांनंतर होतो. कोणता ताप होता हे नुसत्या फोटोवरून सांगता येत नाही, म्हणून तापाच्या वेळचे कागद मागवून घ्या. लेप्टोचं (लेप्टोस्पायरोसिसचं) उलट असतं. तिथे पडद्यावर चट्टा सहसा नसतोच. व्हिट्रियसमध्ये (डोळ्याच्या आतल्या जेलीत) दाट जाळी असते, कधी पुढच्या भागात पू साठतो. आतलं काहीच दिसत नसेल तर बी-स्कॅन (डोळ्याची सोनोग्राफी) करा.

एफएफएची सुई टोचण्याआधी ॲलर्जी विचारा आणि अ‍ॅड्रेनलिन हाताशी ठेवा. लघवी दिवसभर गर्द पिवळी होईल, हे घरच्यांनाही सांगा, नाहीतर रात्री घाबरून फोन येतो. फोटो कितीही बोलके असले तरी युव्हिआयटिसच्या प्रत्येक पेशंटची सिफिलिसची रक्ततपासणी करा. सिफिलिस वरच्यांपैकी कुठल्याही चित्रात दिसू शकतो, आणि त्याला पेनिसिलिनचा इलाज आहे.