सहा घोड्यांची घरची पागा कशी चालवावी

घोडेस्वारी शिकवणारी पागा काढायची ठरली की घरात पहिली चर्चा होते ती जमिनीची आणि घोड्यांच्या किमतींची. त्याआधी एका कागदावर घोड्याच्या पाठीचा हिशोब मांडा. एका घोड्याकडून दिवसाला ४५ मिनिटांचे दोनच वर्ग घ्यायचे आणि आठवड्यातून एक दिवस त्याला पूर्ण मोकळा सोडायचा. सहांपैकी एक तरी नेहमी लंगडत असतो, नाल गमावून बसलेला असतो किंवा नवा आलेला असतो, म्हणून पाचच धरा. पाच घोडे, दोन वर्ग, २६ दिवस, म्हणजे महिन्याला २६० वर्ग. पावसात बुडणारे दिवस आणि शाळेच्या परीक्षांत गळणारी मुले वजा केली की १८० च्या आसपास धरणे शहाणपणाचे. महिन्याचा सगळा खर्च, घरच्या माणसांच्या पगारासकट, १८० ने भागा. फी या आकड्याच्या खाली ठेवली तर तूट हमखास घोड्याच्या पाठीतून भरून काढली जाते. आधी रविवारी तिसरा वर्ग, मग चौथा. दोन-तीन महिन्यांत तोच गुणी घोडा खोगीर दिसताच कान मागे पाडतो, तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळताना चावायला येतो, आणि लोक त्याला नाठाळ म्हणू लागतात.

वजनाचीही मर्यादा पाळा. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांवर जाऊ नयेत. काटा नसला तरी शिंप्याच्या टेपने वजन काढता येते. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या (ढुंगणाच्या) टोकापर्यंतच्या लांबीने गुणा आणि ११,८८० ने भागा. घेर १७० आणि लांबी १५५ असेल तर उत्तर येते साधारण ३७७ किलो. त्याचे २० टक्के म्हणजे ७५ किलो. खोगीर आणि त्याखालचा जाड नमदा मिळून आठ किलो, म्हणजे स्वार ६७ किलोपर्यंतचा. हा आकडा प्रत्येक घोड्याच्या दारावर रंगवून ठेवा. आलेल्या पाहुण्याला नाही म्हणणे अवघड असते. दारावरचा आकडा ते काम सोपे करतो.

घोडे निवडताना

पुण्या-मुंबईच्या शर्यतींतून निवृत्त झालेले थरोब्रेड जातीचे घोडे स्वस्तात मिळतात आणि दिसायला राजबिंडे असतात. पण लगाम ताणला की त्यावर जोर टाकून पळायचे, असेच त्यांना वळण लागलेले असते. घाबरलेला नवशिका लगामालाच लोंबकळतो, म्हणजे नको तेव्हा वेग वाढतो. अशा घोड्याला नव्याने घडवायला निदान सहा महिने द्या, तोवर त्याच्यावर शिकाऊ बसवू नका. मारवाडी आणि काठेवाडी आपल्या उन्हाळ्याला टिकतात. मुलांसाठी मात्र भीमथडीचा विचार जरूर करा. भीमेच्या खोऱ्यातला, धनगरांच्या वाड्यांबरोबर ओझी वाहत आलेला हा बुटका, टणक टापांचा घोडा कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने स्वतंत्र जात म्हणून नोंदवला आहे.

दत्तजयंतीला तापीकाठच्या सारंगखेड्याच्या बाजारात गेलात तर भोवरे, देवमण, पंचकल्याणी अशा शुभ मानलेल्या खुणांवर भाव चढताना दिसतील. शिकवण्याच्या घोड्याला त्यातले काहीच लागत नाही. दहा ते पंधरा वर्षांचा, जग पाहिलेला घोडा शोधा. चारही टापा उचलू देतो का, शेजारी छत्री उघडली तर बुजतो का, हे पाहा. मग कडक जमिनीवर दुडकी चालवून त्याच्या मानेकडे लक्ष द्या. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना मान वर उचलली जाते. पैसे देण्याआधी ग्लँडर्ससाठी रक्त तपासून घ्याच. हा रोग माणसालाही होतो, आणि खात्रीने निदान झालेला घोडा कायद्याने मारावा लागतो. तपासणी चांगली आली तरी नवा घोडा ३० दिवस वेगळा बांधा. त्याची बादली, खरारा आणि तोबराही (तोंडाला बांधायची दाण्याची पिशवी) वेगळे ठेवा.

मैदान आणि ठाण

काळ्या मातीवर थेट मैदान करू नका. पावसात चिखल होतो आणि उन्हात भेगा पडतात. त्यात पाय मुरगळला की घोडा महिनाभर उभा राहतो. २० बाय ४० मीटरचे मैदान शिकवायला पुरते. वरची माती काढून सहा इंच दगड-खडी दाबा, त्यावर चार इंच मुरूम रोलरने बसवा, आणि वर अडीच इंच धुतलेली क्रश सँड पसरा. एवढ्याला वाळू लागते सुमारे १८ ब्रास. उतार एक ते दोन टक्के ठेवा, म्हणजे २० मीटरच्या रुंदीत २० ते ४० सेंटिमीटर. वाळू चार-पाच इंच टाकली तर बसायला मऊ वाटते, पण पाय रुततात आणि पायाच्या मागच्या शिरा ताणतात. ही चूक फार ठिकाणी होते. उन्हाळ्यात वर्गाआधी पाणी मारा.

एका घोड्याचे ठाण १२ बाय १२ फूट असावे. छप्पर उंच ठेवा आणि वारा आरपार खेळू द्या. बंद, कोंदट तबेल्यात लिदी-मुताचा वास डोळ्यांना झोंबला की समजा, तो घोड्याच्या फुप्फुसालाही झोंबतो आहे.

चारा आणि चंदी

घोड्याचे जठर लहान असते आणि त्यात आम्ल सतत पाझरत असते. म्हणून दिवसभर थोडे-थोडे चघळायला मिळणे ही त्याची गरज आहे. वजनाच्या दोन टक्के कोरडा चारा धरला तर ४०० किलोच्या घोड्याला रोज आठ किलो लागतो. सहा घोड्यांना महिन्याला जवळजवळ दीड टन आणि वाया जाणारा धरून वर्षाला १९-२० टन. कडबा रब्बीची ज्वारी निघाल्यावर एकदम घेऊन जमिनीपासून फूटभर उंच रचा. पेंढी सोडून नाकाशी धरा. बुरशीचा वास आला किंवा पांढरी धूळ उडाली तर ती घोड्याला नको.

शेजारच्या गोठ्यात चालणारे सगळे घोड्याला चालते असे समजू नका. ज्वारीचे हिरवे फुटवे देऊ नका, त्यांनी मूत्राशय आणि मागचे पाय लुळे पडू शकतात. नेपियर गवतातले ऑक्झलेट कॅल्शियम अडकवते. त्यावर रोज भरपूर गव्हाचा कोंडा दिला तर महिन्यांनी हाडे पोकळ होतात आणि तोंड सुजल्यासारखे दिसते. नेपियर द्यावाच लागला तर जोडीला लसूणघास द्या. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गाई-कोंबड्यांचे तयार खाद्य पागेत आणूच नका. काही खाद्यांत मोनेन्सिन हे औषध मिसळलेले असते आणि थोड्याशा मोनेन्सिननेही घोड्याचे हृदय निकामी होते.

चंदी, म्हणजे ओट, सातू, भिजवलेला हरभरा, एका वेळी दोन किलोवर देऊ नका. कामाच्या दिवशी ३० ग्रॅम मीठ, घाम फार आला तर त्याच्या दुप्पट. कोणताही बदल सात ते दहा दिवसांत हळूहळू करा. पाणी रोज २५ ते ४० लिटर, उन्हाळ्यात जास्त. टाकी रोज घासायची, कारण शेवाळलेले पाणी घोडा कमी पितो.

पाठ, टापा, पावसाळा

वर्ग संपल्यावर खोगीर उतरवले की लगेच घोड्याला धुऊ नका, आधी घामाची छाप पाहा. दोन्ही बाजूंना सारखे ओले असेल तर खोगीर बसते आहे. ओल्यात तळहाताएवढा कोरडा डाग दिसला तर तिथे इतका दाब पडतो आहे की घामसुद्धा सुटत नाही. त्याच जागी पुढे सूज येते, मग जखम होते आणि शेवटी पांढरे केस उगवतात. कण्यापासून चार बोटे अंतरावर बोटांच्या टोकांनी दाबत मागे जा. घोडा पाठ खाली टाकत असेल तर त्याला सुट्टी. स्वार बसलेला असतानाही खांद्याचा उंचवटा आणि खोगीर यांच्यात दोन-तीन बोटे जागा उरली पाहिजे.

नालबंद सहा आठवड्यांनी, ठरलेल्या तारखेला. पावसाळ्यात टापा रोज दोनदा खरवडा. तळाच्या मऊ त्रिकोणी भागाच्या खाचेतून काळा, घाण वासाचा चिकट मळ निघाला तर कुज सुरू झाली आहे. टाप धुऊन, कोरडी करून आयोडीन लावा आणि ठाण कोरडे करा. नुसते औषध लावून ओल्यात उभे केले तर गुण येत नाही. याच दिवसांत घोडमाश्यांमुळे सरा हा रोग पसरतो. ताप येऊन-जाऊन असेल, घोडा वाळत चालला असेल, पायांना किंवा पोटाखाली सूज असेल तर रक्त तपासून घ्या.

वर्ग घेताना

डोक्यावर घोडेस्वारीचेच हेल्मेट, सायकलचे नाही. टाच असलेला बूट आणि बुटापेक्षा एक इंच रुंद रिकीब, म्हणजे पडताना पाय अडकत नाही. तंग तीनदा तपासा: कसताना, बसण्याआधी आणि पाच मिनिटे चालल्यावर, कारण कसताना घोडा पोट फुगवतो. पहिले चार-पाच वर्ग लांब दोरीवर, लगाम हातात न देता घ्या. आधी मांड पक्की होऊ द्या. पालक घाई करतात, त्यांचे ऐकू नका.

पोटशूळ

घोडा सारखा कुशीकडे पाहतो, पुढच्या पायाने जमीन उकरतो, लोळतो, लीद टाकत नाही, तर चारा-चंदी लगेच काढा. नाडी मोजा. स्वस्थ घोड्याची मिनिटाला २८ ते ४४ असते. ताप मोजा, ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सियस नेहमीचा. नाडी ६० च्या पुढे असेल तर ती तातडी आहे, डॉक्टरांना फोन करताना हा आकडाच आधी सांगा. दहा मिनिटे हळू फिरवा, तासन्‌तास नको. बाटलीने तेल पाजणे पूर्ण बंद करा. ते फुप्फुसात जाते, आणि घोड्याला उलटी करता येत नाही.

घरातली वाटणी

औषधे आणि घोड्यांच्या नोंदींची वही एकाकडे, वर्ग दुसऱ्याकडे, चारा-पाणी आणि मोतद्दार (घोड्यांची निगा राखणारे नोकर) तिसऱ्याकडे. घोडा आज चालणार की नाही हे वहीवाल्याने ठरवायचे आणि वडीलधाऱ्यांनीही ते मोडायचे नाही. लग्नकार्याला सगळे घर एकदम निघायचे नाही. तीन घोड्यांमागे एक मोतद्दार लागतो, घरचे कितीही हात असले तरी.

रात्री नऊची फेरी कोण घालणार त्याचे नाव फळ्यावर लिहा. टाकीत पाणी, पुढ्यात चारा, चारही पायांवरून एकदा हात, आणि लिदीचे ढीग. दिवसाला आठ-दहा असतात, संध्याकाळपासून एकही नसेल तर त्या ठाणापाशी थांबा आणि नाडी मोजा.