क्लिक येतात, चौकशी येत नाही: नव्या व्यावसायिकांनी ऑनलाइन जाहिरात आणि वेबसाइटच्या बाबतीत या चुका टाळाव्यात

ऑनलाइन जाहिरात पहिल्यांदाच चालू केलेल्या व्यावसायिकाला चौथ्या-पाचव्या दिवशी बहुधा एकच प्रश्न पडतो: पैसे खर्च होत आहेत, क्लिकही दिसत आहेत, मग चौकशी का येत नाही? मग तो जाहिरातीचा मजकूर बदलतो, चित्र बदलतो, बजेट वाढवतो, नाही तर घाबरून सगळेच बंद करतो आणि या धावपळीत मूळ बिघाड जिथल्या तिथेच राहतो. जाहिरात योग्य माणसाला दिसावी लागते, त्याने तिच्यावर क्लिक करावे लागते, पान उघडावे लागते, ते वाचून त्याने फोन करावा किंवा फॉर्म भरावा लागतो आणि शेवटी त्या कृतीची नोंद व्हावी लागते. यांपैकी नेमके कोठे अडले आहे हे पाहण्याआधी कशालाही हात लावणे ही नवख्या माणसाची सर्वांत महागडी चूक आहे, असे माझे ठाम मत आहे. ही तपासणी शेवटापासून, म्हणजे नोंदीपासून उलट दिशेने करावी, कारण नोंदच चुकीची असेल तर बाकीच्या टप्प्यांविषयी डॅशबोर्ड (खात्यातला आकड्यांचा पडदा) जे दाखवतो त्यावर विसंबता येत नाही.

नोंद होते आहे का, आणि एकदाच होते आहे का?

कन्व्हर्जन ट्रॅकिंग, म्हणजे फोन किंवा फॉर्म यांसारख्या हव्या त्या कृतीची (कन्व्हर्जनची) नोंद ठेवणारी सोय, न लावता जाहिरात चालू करणारे अनेक आहेत, परंतु ते चुकीचे लावणारे त्याहून अधिक असावेत. तपासण्याची पद्धत सोपी आहे. स्वतःच्या मोबाइलवर वेबसाइट उघडावी, खऱ्या ग्राहकाप्रमाणे फॉर्म भरावा, ईमेल आपल्यापर्यंत पोहोचतो का ते पाहावे आणि त्याच वेळी गूगल ॲनालिटिक्स या वेबसाइटवरची वर्दळ मोजणाऱ्या साधनाच्या रिअलटाइम (त्या क्षणीच्या) अहवालात ती घटना उमटते का हे तपासावे. ही तपासणी वेबसाइटमध्ये कोणताही बदल झाल्यावर पुन्हा करावी लागते, कारण फॉर्मचे प्लगइन (वेबसाइटला जोडलेला छोटा प्रोग्राम) बदलले किंवा ‘धन्यवाद’ असे लिहिलेल्या पानाचा पत्ता बदलला तरी टॅग, म्हणजे ही नोंद पाठवणारा कोडचा छोटा तुकडा, गुपचूप बंद पडतो.

याच्या उलट बिघाडही तितकाच घातक असतो. माझ्या एका कॅम्पेनमध्ये (जाहिरात मोहिमेत) एका आठवड्यात चौकशांचा आकडा एकदम दुप्पट झाला आणि मी आनंदाच्या भरात बजेट वाढवले. चौकशांच्या वहीतल्या नोंदींशी ताडून पाहिल्यावर लक्षात आले की एकच टॅग दोन ठिकाणांहून बसवला गेला होता, एकदा थेट पानाच्या कोडमध्ये आणि एकदा टॅग एकत्र सांभाळणाऱ्या टॅग मॅनेजर या साधनातून. तेव्हापासून आठवड्यातून एकदा डॅशबोर्डचा आकडा आणि प्रत्यक्ष आलेल्या चौकशांची यादी शेजारी ठेवून पाहणे मी कधीही चुकवत नाही. गूगल ॲड्समध्ये (गूगलच्या जाहिरात सेवेत) कन्व्हर्जन मोजताना ‘एक’ आणि ‘प्रत्येक’ असे दोन पर्याय असतात. चौकशीसाठी ‘एक’ निवडावा, कारण एकाच माणसाने तीनदा फॉर्म पाठवला तरी ग्राहक एकच असतो. विक्रीसाठी मात्र ‘प्रत्येक’ योग्य ठरतो.

कन्व्हर्जन म्हणून काय मोजायचे, यातही मोठी गफलत होते. आकडा बरा दिसावा म्हणून ‘संपर्क’ हे पान नुसते उघडण्यालाच काही जण कन्व्हर्जन मानतात. क्लिकसाठी किती मोजायचे याची बोली लावण्याचे काम स्वयंचलित प्रणालीकडे असेल, तर ती प्रणाली आपण दिलेल्या व्याख्येवरूनच शिकते आणि पान उघडून निघून जाणारी माणसे मोठ्या निष्ठेने शोधून आणते. दोष तिचा नसतो, तिला दिलेल्या व्याख्येचा असतो.

गूगल ॲड्स आणि गूगल ॲनालिटिक्स यांचे आकडे तंतोतंत जुळत नाहीत म्हणून मात्र घाबरण्याचे कारण नाही. ॲड्समध्ये कन्व्हर्जन ज्या दिवशी क्लिक झाला त्या दिवसाच्या खाती पडते, तर ॲनालिटिक्समध्ये ते प्रत्यक्ष घडले त्या दिवसाच्या खाती पडते. त्यामुळे कालच्या दिवसाचा हिशेब आज अपुरा दिसणे स्वाभाविक आहे.

क्लिक कोणाचे आहेत?

समजा, आपला व्यवसाय पाण्याचे पंप दुरुस्त करण्याचा आहे आणि आपण ‘पंप दुरुस्ती’ हा कीवर्ड, म्हणजे ज्या शोधावर जाहिरात दिसावी ते शब्द, टाकला आहे. नवा कीवर्ड काहीही न बदलता टाकला की तो ब्रॉड मॅचमध्ये जातो, म्हणजे गूगलला अर्थाने जवळचे वाटतील अशा शोधांवरही जाहिरात दिसते. आठवड्याने सर्च टर्म (लोकांनी प्रत्यक्ष टाइप केलेले शोध) अहवाल उघडला की त्यात पुढीलसारखे शोध सापडतात: ‘पंप दुरुस्ती घरच्या घरी कशी करावी’, ‘पंप दुरुस्ती कोर्स’, ‘पंप मेकॅनिक नोकरी’, ‘पंपाचे सुटे भाग’. यांतील पहिल्याला स्वतः काम करायचे आहे, दुसऱ्याला शिकायचे आहे, तिसऱ्याला नोकरी हवी आहे आणि चौथा दुकानदार असण्याची शक्यता आहे. चौघांच्याही क्लिकचे पैसे आपण भरलेले असतात. जाहिरातीच्या मजकुरात कितीही सुधारणा केली तरी हा खर्च थांबत नाही. तो थांबतो ‘कोर्स’, ‘नोकरी’, ‘घरच्या घरी’ असे शब्द निगेटिव्ह कीवर्ड (ज्यांच्यावर जाहिरात नको ते शब्द) म्हणून टाकल्यावर आणि मुख्य कीवर्ड फ्रेज किंवा एक्झॅक्ट मॅच या अधिक काटेकोर प्रकारांत आणल्यावर. निगेटिव्ह कीवर्ड समानार्थी शब्दांना आपोआप लागू होत नाही, हे मात्र ध्यानात ठेवावे. ‘कोर्स’ टाकल्याने ‘प्रशिक्षण’ अडत नाही, त्यामुळे ते वेगळे लिहावे लागते. उत्साहाच्या भरात निगेटिव्ह यादीत ‘दुरुस्ती’ हाच शब्द गेला, तर स्वतःचीच जाहिरात दिसेनाशी होते. जाहिरात अचानक थांबली की ही यादी आधी पाहावी.

याच टप्प्यावर दोन सेटिंग तपासण्यासारखी आहेत. सर्च कॅम्पेन (शोधाच्या निकालांत दिसणारी जाहिरात) तयार करताना डिस्प्ले नेटवर्कचा समावेश आधीच निवडलेला असू शकतो आणि त्यामुळे शोध घेणाऱ्यांसाठी ठेवलेले पैसे इतर वेबसाइटवरच्या जाहिरातींत वाटले जातात. ठिकाणाच्या बाबतीत मूळ पर्याय असा असतो की निवडलेल्या भागात असलेले लोक आणि त्या भागात नुसता रस दाखवणारे लोक, या दोघांनाही जाहिरात दिसते. ज्याची सेवा ठरावीक परिसरापुरती आहे, त्याने ‘त्या भागात असलेले’ हाच पर्याय निवडावा.

आपली जाहिरात दिसते का हे पाहण्यासाठी दिवसातून दहा वेळा स्वतःच शोध घेण्याची सवय सोडून द्यावी. क्लिक न होता जाहिरात नुसती दिसत राहिली तर क्लिकचे प्रमाण खाली येते आणि काही काळाने गूगल आपल्याला ती दाखवणेही थांबवू शकते. त्यासाठी खात्यातच प्रीव्ह्यू आणि निदानाचे साधन दिलेले आहे. जाहिरात का दिसत नाही याचे कारणही तेथे मिळते.

घाईचे दोन प्रकार

पहिली घाई खर्च पाहून होते. गूगल ॲड्सचे दैनिक बजेट ही सरासरी असते, त्यामुळे एखाद्या दिवशी ठरवलेल्या रकमेच्या दुपटीपर्यंत खर्च होऊ शकतो; महिन्याचा एकूण खर्च मात्र दैनिक बजेटच्या ३०.४ पटींहून अधिक होत नाही. हे माहीत नसलेला माणूस एका दिवसाचा खर्च पाहून कॅम्पेन बंद करतो.

दुसरी घाई निष्कर्ष काढण्याची असते आणि तिच्याकडे अधिक बारकाईने पाहायला हवे. समजा, आपल्या पानावर येणाऱ्या शंभरांपैकी सरासरी दोघे चौकशी करतात. अशा अगदी ठीक चाललेल्या कॅम्पेनमध्येही पहिल्या ५० क्लिकमध्ये एकही चौकशी न येण्याची शक्यता सुमारे ३६ टक्के असते. म्हणजे कोणताही बिघाड नसताना तिघांपैकी एकाला आपले काहीतरी चुकते आहे असे वाटणार. क्लिक १५० झाले तरीही चौकशी शून्यच असेल, तर नुसत्या योगायोगाने असे होण्याची शक्यता ५ टक्क्यांच्या खाली जाते आणि तेव्हा शोध सुरू करणे रास्त ठरते. दोन जाहिरातींची तुलना करतानाही हेच लागू होते. एकीला तीन आणि दुसरीला पाच चौकशा आल्या, एवढ्यावरून दुसरी चांगली असे म्हणता येत नाही.

मेटाच्या (फेसबुक, इन्स्टाग्रामवरच्या) जाहिरातींमध्ये या घाईची किंमत थेट मोजावी लागते. तेथे प्रत्येक ॲड सेट (एकाच प्रेक्षकवर्गासाठीच्या जाहिरातींचा गट) आधी शिकण्याच्या अवस्थेत असतो आणि त्यातून बाहेर पडण्यासाठी साधारणपणे एका आठवड्यात ५० अपेक्षित कृती घडाव्या लागतात. दर दोन दिवसांनी बजेट, प्रेक्षक किंवा चित्र यांत मोठा बदल केला, तर ती अवस्था पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

पान उघडल्यावर काय दिसते?

जाहिरातीत एक गोष्ट आणि पानावर दुसरीच, ही तक्रार फार जुनी आहे. पंप दुरुस्तीच्या जाहिरातीवरून आलेला माणूस मुख्य पानावर उतरला आणि त्याला कंपनीचा इतिहास दिसला, तर तो परत जातो. गूगल ॲड्समध्ये कीवर्डला १ ते १० असा क्वालिटी स्कोअर मिळतो आणि त्याच्या तीन घटकांपैकी एक म्हणजे लँडिंग पेजचा (क्लिकनंतर उघडणाऱ्या पानाचा) अनुभव हा असतो. म्हणून ज्या शोधासाठी जाहिरात आहे, त्याच कामाचे स्वतंत्र पान असावे.

पान तपासण्यासाठी कार्यालयातला मोठा पडदा कामाचा नाही. साधा मोबाइल घ्यावा, वाय-फाय बंद करावे आणि जाहिरातीतल्या दुव्यावरूनच पानावर जावे. अनेकदा असे दिसते की वरचे मोठे छायाचित्र तुकड्यातुकड्याने उतरते आहे, ते उतरल्यावर मजकूर खाली सरकतो आहे आणि बोट भलत्याच ठिकाणी पडते आहे. फॉर्ममध्ये नऊ रकाने आहेत, त्यांतील चार सक्तीचे आहेत आणि ‘पाठवा’ हे बटण नेमके कोपऱ्यातल्या चॅटच्या गोल चिन्हाखाली झाकले गेले आहे. अशा पानावर चौकशी न येण्याचे कारण शोधायला कोणत्याही अहवालाची गरज नाही. थेट कॅमेऱ्यातून काढलेले छायाचित्र आधी आकाराने लहान करावे, वेबपी या हलक्या प्रकारात जतन करावे आणि पानाच्या माथ्यावरच्या चित्राला लेझी लोडिंग (चित्र गरज पडेल तेव्हाच उतरवणे) लावू नये, कारण तेच चित्र सर्वांत आधी दिसायला हवे असते.

वेगासाठी गूगलने ठरवलेल्या मर्यादा स्पष्ट आहेत: पानावरचा सर्वांत मोठा भाग २.५ सेकंदांच्या आत दिसावा, बोट लावल्यावर प्रतिसाद २०० मिलिसेकंदांच्या आत यावा आणि मांडणी सरकण्याचे माप ०.१ च्या आत राहावे. पेजस्पीड इनसाइट्स हे साधन या गोष्टी मोफत दाखवते. त्यातली प्रत्यक्ष वापरकर्त्यांची आकडेवारी मागील २८ दिवसांची असते, त्यामुळे आज केलेली सुधारणा उद्या तेथे दिसली नाही म्हणून ती उलटवू नये. १०० पैकी १०० गुणांच्या मागे लागण्यात आठवडे घालवण्यापेक्षा तोच वेळ फॉर्म छोटा करण्यात घालवावा, असे मला वाटते.

शोधात वेबसाइट सापडत नसेल तर

जाहिरातींवर खर्च केल्याने नेहमीच्या शोधातला क्रमांक सुधारत नाही आणि पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही. कीवर्डच्या मेटा टॅगमध्ये (पानाच्या कोडमधल्या, वाचकाला न दिसणाऱ्या नोंदीत) शब्दांची रास ओतण्याचाही उपयोग नाही. क्रमवारीसाठी तो वापरत नसल्याचे गूगलने २००९ सालीच जाहीर केले आहे. वेबसाइट मुळीच दिसत नसेल तर सर्च कन्सोल या गूगलच्या साधनात त्या पानाचा पत्ता तपासावा. वेबसाइट तयार होत असताना लावलेली ‘नोइंडेक्स’ (हे पान शोधात दाखवू नका) ही सूचना काढायची राहून जाणे हे नेहमी आढळणारे कारण आहे आणि वर्डप्रेस या वेबसाइट बनवण्याच्या साधनात ते एका छोट्या चौकटीतल्या खुणेवर अवलंबून असते. वेबसाइट नव्याने बांधताना पानांचे पत्ते बदलले असतील, तर जुन्या पत्त्यांवरून नव्या पत्त्यांवर ३०१ रिडायरेक्ट (कायमची वळवणूक) लावावे लागते, अन्यथा जुन्या पानांनी मिळवलेले स्थान वाया जाते.

एक शेवटची तपासणी तांत्रिक नाही, पण ती टाळल्याने झालेले नुकसान भरून काढणे अवघड असते. जाहिरातीचे खाते, ॲनालिटिक्स, सर्च कन्सोल आणि डोमेन (वेबसाइटचे नाव) ही चारही व्यवसायमालकाच्या स्वतःच्या ईमेलवर असावीत आणि काम करणाऱ्या एजन्सीला त्यांत केवळ प्रवेश दिलेला असावा. खाते एजन्सीच्या नावावर असेल, तर करार संपल्यावर महिनोन्‌महिने जमवलेली सर्च टर्मची माहिती, निगेटिव्ह कीवर्डची यादी आणि कन्व्हर्जनचा इतिहास तिच्याकडेच राहतो. म्हणून आजच खात्यात जाऊन ॲडमिनच्या रकान्यात कोणाचा ईमेल आहे ते पाहून घ्यावे.