कृष्णवर्णीयांचे चित्रपट: पुण्यातल्या प्रेक्षकाने पाठबळ कसे द्यावे

चित्रपटाच्या पोस्टरवर कृष्णवर्णीय चेहरा दिसला, म्हणजे तो चित्रपट कृष्णवर्णीयांच्या नेतृत्वाखाली घडला असे होत नाही. म्हणून पाठबळ द्यायचे ठरवल्यावर पहिली सवय लावून घ्यावी ती श्रेयनामावली वाचण्याची. पटकथा कोणी लिहिली, दिग्दर्शन आणि छायाचित्रण कोणाचे, निर्मात्यांमध्ये कोण आहे आणि चित्रपटाची मालकी कोणाकडे राहते, हे पाहिले की निर्णय कोणाच्या हातात होते ते कळते. १९४० साली हॅटी मॅकडॅनिएल यांना ऑस्कर मिळाला आणि हा सन्मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या आफ्रिकी-अमेरिकी कलाकार ठरल्या. पण ज्या हॉटेलात सोहळा झाला तिथे कृष्णवर्णीयांना प्रवेशच नसल्यामुळे निर्मात्याला खास परवानगी मिळवावी लागली आणि सहकलाकारांपासून दूर, भिंतीलगतच्या लहानशा टेबलावर त्यांना बसवण्यात आले. पुरस्कार हाती आला, तरी भूमिका कोणत्या लिहिल्या जाणार हे ठरवण्याचा अधिकार आला नव्हता. २०२५ च्या ‘सिनर्स’साठी दिग्दर्शक रायन कूगलर यांनी २५ वर्षांनंतर चित्रपटाची मालकी आपल्याकडे परत यावी अशी अट स्टुडिओकडून मान्य करून घेतली. माझ्या मते या दोन घटनांमधला फरक पुरस्कारांच्या कोणत्याही यादीपेक्षा अधिक सांगून जातो.

पाहायला सुरुवात कुठून करावी, असे अनेकजण विचारतात. गुलामगिरीवरच्या भव्य आणि पुरस्कारप्राप्त चित्रपटांपासून सुरुवात करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ते चित्रपट महत्त्वाचे आहेतच. परंतु फक्त तेच पाहिले तर कृष्णवर्णीय माणूस म्हणजे सोसणारा माणूस, एवढीच प्रतिमा मनात घट्ट होते. ऑस्कर मिशो यांचा १९२० चा मूकपट ‘विदिन अवर गेट्स’ आधी पाहावा. आफ्रिकी-अमेरिकी दिग्दर्शकाचा उपलब्ध असलेला हा सर्वांत जुना पूर्ण लांबीचा चित्रपट आहे, त्याची प्रत कित्येक दशकांनी स्पेनमध्ये सापडली आणि आता तो कोणालाही विनामूल्य पाहता येतो. त्यानंतर चार्ल्स बर्नेट यांचा ‘किलर ऑफ शीप’ पाहावा. कत्तलखान्यात राबणाऱ्या एका कामगाराचे आणि त्याच्या कुटुंबाचे लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागातले रोजचे जगणे त्यात आहे. बर्नेट यांनी विद्यार्थिदशेत, सुटीच्या दिवशी चित्रीकरण करत, दहा हजार डॉलरांहूनही कमी खर्चात तो पूर्ण केला. पण त्यातल्या गाण्यांचे हक्क घेण्यासाठी सुमारे दीड लाख डॉलर लागणार होते, म्हणून १९७० च्या दशकात तयार झालेला हा चित्रपट २००७ पर्यंत चित्रपटगृहांत रीतसर लागू शकला नाही. जुन्या चित्रपटांची अधिकृत प्रत भाड्याने किंवा विकत घेण्याचा आग्रह मी धरतो तो याच कारणाने. नवी प्रत तयार करणे आणि हक्क सोडवणे हे काम खर्चाचे असते, आणि चोरून उतरवलेल्या प्रतीतून त्यासाठी एक पैसाही जात नाही.

नवा चित्रपट प्रदर्शित होणार असेल तर वेळ फार महत्त्वाची असते. पुण्यातल्या मल्टिप्लेक्समध्ये असे चित्रपट बहुधा मोजक्या पडद्यांवर आणि अडनिड्या वेळी लागतात, आणि पुढच्या आठवड्यात खेळ ठेवायचे की काढायचे हे पहिल्या शुक्रवार ते रविवारच्या गल्ल्यावरून ठरते. वितरकाचा वाटाही पहिल्या आठवड्यात सर्वाधिक असतो आणि नंतर घटत जातो. हिंदी चित्रपटांसाठी २००९ च्या संपानंतर ठरलेल्या सूत्रात तो पहिल्या आठवड्यात ५० टक्के होता आणि चौथ्या आठवड्यापर्यंत ३० टक्क्यांवर येत असे. म्हणून तिकीट आधीच काढावे आणि शक्यतो पहिल्या तीन दिवसांत जावे. घरी ओटीटीवर पाहत असाल तर चित्रपट अर्ध्यावर सोडू नये, कारण किती जणांनी शेवटपर्यंत पाहिला याची नोंद या कंपन्या ठेवतात.

आता सर्वांत मोलाच्या कामाकडे वळतो, आणि ते म्हणजे इतरांना चित्रपट दाखवणे. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आणि फिल्म इन्स्टिट्यूट ज्या शहरात आहेत, जिथे दर वर्षी आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो आणि फिल्म सोसायट्यांची परंपरा जुनी आहे, त्या शहरात प्रेक्षक तयार करावा लागत नाही. त्याला चांगला कार्यक्रम द्यावा लागतो. आधी हक्कांचे पाहावे. स्वतःच्या ओटीटी खात्यावरून सभागृहात चित्रपट लावणे नियमात बसत नाही. महाविद्यालयात फक्त विद्यार्थी, शिक्षक आणि पालक यांच्यासाठी खेळ असेल तर कॉपीराइट कायद्यात त्याला सवलत आहे. बाहेरच्यांना बोलवायचे असेल तर हक्कधारकाला पत्र लिहून शुल्क विचारावे आणि सेन्सॉर प्रमाणपत्राचा प्रश्न अनुभवी फिल्म सोसायटीच्या मदतीने सोडवावा. पत्रात तारीख, आसनसंख्या आणि तिकीट आहे की नाही, एवढे स्पष्ट लिहिले तर उत्तर लवकर मिळण्याची शक्यता वाढते.

पहिल्या खेळासाठी मी उस्मान सेम्बेन यांचा १९६६ चा ‘ब्लॅक गर्ल’ सुचवेन. सेम्बेन सेनेगलचे, मार्सेय बंदरात हमाली केलेले आणि आधी कादंबरीकार म्हणून नावाजलेले. लिहिता-वाचता न येणाऱ्या आपल्या लोकांपर्यंत पोहोचण्यासाठी ते चित्रपटाकडे वळले. एका फ्रेंच कुटुंबाकडे कामाला गेलेल्या दिऊआना या तरुणीची ही गोष्ट जेमतेम तासाभराची आहे, त्यामुळे चर्चेला भरपूर वेळ उरतो. मालकिणीसमोर दिऊआना जवळजवळ बोलत नाही, पण तिच्या मनातले सगळे आपल्याला ऐकू येते. कामवाल्या बाईंसाठी वेगळा कप ठेवणाऱ्या घरांतून आलेला प्रेक्षक हा चित्रपट पाहून गप्प होतो, आणि त्यानंतरची चर्चा खरी होते.

खेळाच्या आदल्या दिवशी प्रोजेक्टर त्याच खोलीत, त्याच वेळी लावून पाहावा, ही सूचना कोणीही टाळू नये. खिडकीच्या फटीतून येणारा उजेड पडद्यावर पडला की सावळे आणि काळे चेहरे सर्वांत आधी पुसट होतात. रात्रीच्या प्रसंगात डोळे आणि दात तेवढे दिसतात, आणि दिग्दर्शकाने जपून टिपलेले भाव नाहीसे होतात. अशा वेळी प्रोजेक्टरची ब्राइटनेस वाढवून काम भागत नाही, त्याने काळा रंग राखाडी होतो. खिडक्यांना जाड काळे कापड लावावे, चित्रपटातला सर्वांत अंधारा प्रसंग आधी चालवावा, आणि शेवटच्या रांगेत बसून त्यातल्या चेहऱ्याची कपाळाची आणि गालाची कड वेगळी दिसते का ते पाहावे. या अडचणीला इतिहासही आहे. रंगीत छायाचित्रे छापताना प्रयोगशाळा ज्या नमुनापत्राशी रंग जुळवत, त्या कोडॅकच्या ‘शर्ली कार्ड’वर अनेक वर्षे गोरी स्त्रीच असे, आणि त्यामुळे गडद त्वचेचे बारकावे छापून येत नसत. त्वचेवर प्रकाश कसा टाकला आहे हे पाहायला शिकणे हा रसग्रहणाचा भाग आहे, आणि परीक्षण लिहिताना दिग्दर्शकाबरोबर छायाचित्रकार, संकलक, वेशभूषाकार यांची नावे घेऊन त्यांच्या कामाबद्दल लिहावे. वेशभूषेसाठी दोन ऑस्कर मिळवणाऱ्या रूथ कार्टर यांच्या कापडांविषयी आणि रंगांविषयी मराठीत सविस्तर लेख यायला हवेत.

पुण्यात शिकणाऱ्या आफ्रिकी विद्यार्थ्यांना आवर्जून बोलवावे, पण पाहुणे आणि प्रेक्षक म्हणून. केनियाहून आलेल्या मुलीला अमेरिकेतल्या वर्णद्वेषावर बोलायला उभे करणे म्हणजे तिला तिच्या देशापासून आणि स्वभावापासून तोडणे आहे. त्यापेक्षा पुढचा चित्रपट निवडताना तिचे मत घ्यावे.

हा विषय आपला नाही, असे कोणी म्हणाले तर त्याला जोतीराव फुल्यांचे १८७३ चे ‘गुलामगिरी’ उघडून दाखवावे. गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना ते पुस्तक अर्पण केले आहे आणि आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा अशी इच्छा त्यात व्यक्त केली आहे. पुढे बाबासाहेबांनी १९४६ साली अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिले, आणि १९७२ मध्ये दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर पक्षावरून घेतले. एवा डुव्हर्ने यांच्या २०२३ च्या ‘ओरिजिन’मध्ये आंबेडकरांच्या आयुष्यातले प्रसंग आहेत आणि नांदेडचे अभ्यासक सूरज येंगडे स्वतःच्याच भूमिकेत दिसतात. महाविद्यालयातल्या दुसऱ्या खेळासाठी हा चित्रपट अतिशय योग्य आहे.

राहिला आपल्या घरातल्या टीव्हीचा प्रश्न. विनोदी कार्यक्रमात तोंडाला काळा रंग फासून ‘आफ्रिकन’ उभा केला जातो, किंवा मालिकेत आफ्रिकी माणूस दिसला की तो अमली पदार्थ विकणाराच असतो. अशा वेळी समाजमाध्यमांवर संताप व्यक्त करून थांबू नये. वाहिनीचे नाव, कार्यक्रम, तारीख, वेळ आणि नेमका प्रसंग लिहून वाहिनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करावा. २०२१ च्या नियमांनुसार वाहिनीला आणि ओटीटी कंपनीलाही १५ दिवसांत निर्णय द्यावा लागतो, आणि त्याने समाधान झाले नाही तर स्वयंनियमन संस्थेकडे दाद मागता येते. तक्रारीत मागणी ठोस असावी: तो प्रसंग पुनःप्रक्षेपणातून काढावा आणि पुढच्या वेळी आफ्रिकी पात्रासाठी आफ्रिकी कलाकार घेऊन त्याला नाव, व्यवसाय आणि स्वतःचे संवाद द्यावेत.