कोरडी बॅटरी ॲसिड भरल्याबरोबर गाडीला जोडू नका

कोरड्या आलेल्या नव्या बॅटरीत ॲसिड ओतून लगेच स्टार्टर मारला, तर गाडी बहुधा सुरू होते, पण बॅटरी अर्धवट चार्ज राहून तिचं आयुष्य घटतं. थोडा धीर धरा.

१. भरायची वेळ येईपर्यंत सील काढू नका. हवेतली ओल आत गेली की प्लेटींचा चार्ज उतरतो.

२. बॅटरी गाडीबाहेर ठेवूनच भरा. हवा जाण्याच्या नळीवरचं टोपण किंवा पट्टी आठवणीने काढा. ती राहिली तर आतला वायू कोंडून बॅटरी फुटू शकते.

३. लेबलवर सांगितलेल्या घनतेचंच बॅटरी ॲसिड प्रत्येक कप्प्यात वरच्या खुणेपर्यंत भरा.

४. अर्धा तास तशीच राहू द्या. प्लेटी ॲसिड शोषतात, बुडबुडे येतात, पातळी उतरते. तेवढं ॲसिड पुन्हा घाला. यानंतर मात्र आयुष्यभर फक्त डिस्टिल्ड वॉटर.

५. मोकळ्या हवेत, क्षमतेच्या दहाव्या भागाइतक्या करंटवर चार्ज करा. म्हणजे ४० एएचला (ॲम्पिअर-तास, बॅटरीच्या क्षमतेचं माप) ४ ॲम्पिअर. हायड्रोमीटरचा (ॲसिडची घनता मोजायच्या साधनाचा) आकडा तासाच्या अंतराने दोनदा तोच आला की झालं. बॅटरी हाताला चांगलीच गरम लागली तर चार्जिंग थांबवा. बुचं लावा, वरून ओघळलेलं ॲसिड खायच्या सोड्याच्या पाण्याने पुसा, पण ते पाणी कप्प्यात जाऊ देऊ नका.

चष्मा आणि रबरी हातमोजे घातल्याशिवाय ॲसिडचा डबा उघडूच नका. डोळ्यात थेंब गेला तर किमान १५ मिनिटं वाहत्या पाण्याने धुवा आणि तडक डॉक्टर गाठा.