मोझॅकची लादी फोडू नका, घासून घ्या

वाशीच्या सुरुवातीच्या सेक्टरांत काय किंवा ठाण्यात नौपाड्याच्या जुन्या इमारतींत काय, घराचं काम निघालं की पहिला हातोडा पडतो तो लादीवर. कंत्राटदार दर सांगतो तोच मुळी ‘तोडून व्हिट्रिफाइड’ असा. पण ती मोझॅकची लादी म्हणजे त्या घरातला आधुनिकतावादाचा सगळ्यात टिकाऊ तुकडा असतो. वास्तुरचनाकार प्रविणा मेहता आणि चार्ल्स कोरिया व अभियंता शिरीष पटेल यांनी १९६५ साली खाडीपलीकडच्या नव्या शहराची, म्हणजे आजच्या नवी मुंबईची, कल्पना मांडली, १९७० मध्ये ते उभारणारी सरकारी कंपनी सिडको स्थापन झाली आणि पुढे इथे मध्यमवर्गासाठी घरं उभी राहिली. वरून नक्षी चिकटवायची नाही, पदार्थाचंच अंग दाखवायचं, हा त्या काळच्या वास्तुरचनेचा आग्रह होता. मोझॅक हे त्याचं साधं आणि चोख उदाहरण आहे. संगमरवराच्या खाणीतला उरलेला चुरा सिमेंटमध्ये बसवायचा, घासायचा, आणि जे दिसेल तीच शोभा.

फोडण्याचे तोटे सौंदर्यापलीकडचेही आहेत. खाडीच्या खाऱ्या हवेत जुन्या स्लॅबमधली सळई बहुधा गंजायला लागलेली असते. त्यावर हातोडा-छिन्नीचे दणके बसले की खालच्या घरात छताचं प्लास्टर सुटतं. न फोडता जुन्या लादीवरच मसाला (सिमेंट-रेतीचं मिश्रण) घालून नवी बसवली, तर दर चौरस मीटरला साठेक किलो बोजा वाढतो, दारं खालून कापावी लागतात आणि न्हाणीघराच्या उंबऱ्याची उंची जाते.

आधी लादी ओळखा. जागेवर ओतलेल्या मोझॅकमध्ये काचेच्या किंवा धातूच्या पट्ट्या असतात आणि दोन पट्ट्यांमधला भाग सलग असतो. दक्षिण मुंबईतल्या आर्ट डेको शैलीतल्या इमारतींच्या जिन्यांवर हेच काम दिसतं. कारखान्यातून आलेली मोझॅक लादी चौकोनी असते, २० किंवा २५ सेंटिमीटरची, आणि सांधे बारीक असतात. तिसरी म्हणजे चिप्स (संगमरवराचे बारीक तुकडे) नसलेली, रंगीत नक्षीची सिमेंटची लादी. ठाण्यातल्या जुन्या घरांत ती अजून भेटते. तिचा रंगाचा थर पातळ असतो, त्यामुळे तिला मशीन लावायचंच नाही. सौम्य साबणाने धुवून फार तर ४०० नंबरच्या पॉलिश-कागदाने हलक्या हाताने घासायची. पुढचं सगळं पहिल्या दोन प्रकारांसाठी आहे.

चिप्सचा वरचा थर जेमतेम ५ ते ६ मिलिमीटर असतो. त्याखाली साधं सिमेंट-रेतीचं अस्तर आहे, ते उघडं पडलं की ती लादी संपली. न्हाणीच्या उंबऱ्याशी किंवा एखाद्या तुटक्या कडेला हा थर डोळ्यांनी दिसतो, तिथे पट्टीने मोजून घ्या. दोन लाद्यांमध्ये २ मिलिमीटरचा चढउतार असेल आणि पॉलिशवाला तो मशीनने सपाट करायला निघाला, तर उंच लादीच्या चिप्सच्या थराचा तिसरा हिस्सा एका दिवसात घासणीच्या लगद्यातून वाहून जातो. असा चढउतार दिसला तर ती लादी उचलून परत बसवा. लादीला घासण्याचं आयुष्य मोजकंच मिळालेलं असतं, ते उगाच खर्चू नका.

मग नाण्याने किंवा लोखंडी सळीच्या टोकाने प्रत्येक लादी वाजवून बघा. भरीव लादीचा आवाज टणक येतो, सुटलेलीचा पोकळ. खडूने खुणा करत जा. नवी मुंबईत तळमजल्यावर पोकळ लाद्या जास्त सापडतात, कारण बरीच जमीन खाडीकाठची, भराव टाकलेली आहे आणि भराव बसत गेला की लादीखालचा मसाला आधार सोडतो. पोकळ लादीवर मशीन फिरलं की ती हमखास चिरते. सांध्यातून पातळ पातं घालून ती उचला, पाठ खरवडून भिजवा, १ भाग सिमेंट आणि ६ भाग रेतीचा २० ते २५ मिलिमीटर मसाला पसरा, त्यावर सिमेंटचा घोळ ओता आणि लादी रबरी हातोडीने शेजारच्या पातळीत ठोका. आठवडाभर ओली ठेवा.

फुटलेल्या लादीच्या जागी बाजारातली नवी मोझॅक लादी सहसा जुळत नाही. चिप्सचा आकार, खालच्या सिमेंटचा रंग, काहीतरी वेगळं पडतंच. म्हणून स्वयंपाकघराच्या ओट्याखाली किंवा भिंतीतल्या कपाटाच्या तळाशी बघा. तिथे त्याच खेपेच्या लाद्या न झिजता पडून असतात. त्या काढून दर्शनी जागी लावा आणि नवी लादी ओट्याखाली दडवा. शेजारची इमारत पुनर्विकासाला गेली असेल तर राडारोडा उचलला जाण्याआधी मागून घ्या, बहुतेक जण आनंदाने देतात.

छोटे खड्डे भरायला ३ भाग सिमेंट आणि १ भाग संगमरवराची भुकटी मिसळा आणि त्या मिश्रणाच्या साधारण पावणेदोनपट चिप्स घाला. जमीन पांढरट असेल तर सफेद सिमेंट, करडी असेल तर सफेद आणि करडं अशी दोन्ही सिमेंटं मिळून. रंगाची भुकटी सिमेंटच्या वजनाच्या शेकडा एक-दोनपासून वाढवत न्या. ओल्या मिश्रणाचा रंग नेहमी गडद दिसतो, म्हणून पुठ्ठ्यावर चार-पाच नमुने करा, ३ दिवस वाळू द्या आणि मगच ठरवा. इथे घाई केली तर प्रत्येक डाग जन्मभर डोळ्यात खुपतो.

आता मशीन. आधी वीज तपासा. जुन्या घरातल्या ५ अँपिअरच्या प्लगवर पॉलिश मशीन चालवू नका. जोडणी १५ अँपिअरच्या पॉइंटवरून घ्या, अर्थिंग शाबूत असावं, कारण काम पाण्यातलं आहे. घासणं ओलंच हवं. कोरडं घासलं तर सिमेंट-रेतीची बारीक धूळ फुप्फुसात जाते आणि ते नुकसान भरून निघत नाही. पण पाणी बेतानेच वापरा, नाहीतर खालच्या छताला ओल उतरते आणि सोसायटीत भांडण होतं. नहाणी ट्रॅप, म्हणजे पाणी जाण्याचं जाळीचं तोंड, फडक्याने आणि प्लास्टिकने पक्का बंद करा. हा लगदा पाइपात गेला की आत सिमेंटसारखाच घट्ट बसतो. तो वायपरने ओढून बादल्यांत भरा, रात्रभर निवळू द्या आणि खालचा गाळ राडारोड्यात टाका.

पहिला हात ६० नंबरच्या दगडाचा; नंबर जितका मोठा तितकी घासणी बारीक. लादी सपाटच असेल आणि फक्त मळली असेल तर हा हात गाळून थेट १२० पासून सुरुवात करा. पॉलिशवाला सवयीने ६० लावेल, त्याला थांबवा. पहिल्या घासणीनंतर धुऊन बघितलं की टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं दिसतात. त्यांत लादीच्याच रंगाचा सिमेंटचा घोळ हाताने रगडून भरा, २४ तास राहू द्या, मग चार-सहा दिवस ओलं ठेवा. कामगारांना हे थांबणं नको असतं, कारण त्यांचं मशीन अडकून पडतं. पण कच्चा घोळ पुढच्या घासणीत निघून येतो आणि छिद्रं तशीच राहतात. नंतर १२०, गरज पडली तर पुन्हा घोळ, आणि शेवटी ३२०.

भिंतीलगतच्या पट्ट्यात मशीन पोचत नाही. तिथे हातदगडच वापरा. छोट्या ग्राइंडरने काम लवकर होतं खरं, पण कडेला खळगे पडतात आणि संध्याकाळच्या तिरप्या उजेडात ते ठळक दिसतात.

शेवटी ऑक्झॅलिक ॲसिड, दर चौरस मीटरला ३३ ग्रॅम. १२ बाय १० फुटांची खोली म्हणजे सुमारे ११ चौरस मीटर, तिला साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास पुरतं. भुकटी शिंपडायची, थोडं पाणी, वरून नमद्याने (जाड लोकरी कापडाने) रगडायचं. हे ॲसिड चुन्याशी मिळून वर घट्ट थर धरतं, चमक त्यामुळे येते. ते विषारी आहे, म्हणून हातमोजे घाला, मुलांना लांब ठेवा आणि नंतर दोनदा धुऊन काढा. आता हिऱ्याचे कण बसवलेले डायमंड पॅडही आले आहेत, ३००० नंबरपर्यंत जाणारे. आमचं मत असं की ४०० किंवा फार तर ८०० वर थांबावं. आरशासारखी चकाकी आली की लादीचा स्वभाव बदलतो आणि पावसाळ्यात पाय घसरतो.

वरून एपॉक्सी किंवा वार्निशचा थर देऊ नका. खालून आलेली ओल अडकते, पांढरे क्षार साचतात आणि थर पापुद्र्यांनी सुटतो. आत मुरणारं सीलर चालेल, पण जमीन पूर्ण वाळल्यावरच. अर्धा मीटर लांब-रुंद प्लास्टिक चारी बाजूंनी चिकटवून २४ तास ठेवा. आतून थेंब दिसले तर अजून थांबा. जून ते सप्टेंबरमध्ये हे काम काढूच नका.

रोजच्या वापरात खरा शत्रू संडास धुण्याचं ॲसिड. ते सिमेंट खातं आणि संगमरवराची चिपही खातं, म्हणून एकदा शिंपडलं तरी चट्टा कायमचा. लिंबू, व्हिनेगर, कोकमाचं आगळ सांडलं तर लगेच पुसा. तेलाचा डाग असेल तर खडूची पूड टर्पेंटाइनमध्ये कालवून लेप द्या, प्लास्टिकने झाकून २४ तास ठेवा आणि खरवडून काढा. पंखा चालू आणि खिडकी उघडी असू द्या, गॅस पेटवू नका. लोखंडी कपाटाच्या पायाचा गंज पातळ ऑक्झॅलिकने जातो, पण तेवढ्या जागेची चमकही जाते. ती हातदगडाने परत आणावी लागते. एरवी साधं पाणी आणि सौम्य साबण पुरतो.