कामावरच्या अपघातातील कायमचे अपंगत्व : नुकसानभरपाईच्या दाव्यात या चुका टाळा

कामावर असताना हात, पाय, बोटे किंवा दृष्टी गमावलेल्या कामगाराच्या दाव्याचे भवितव्य बहुतेक वेळा एका आकड्यावर ठरते, आणि तो आकडा म्हणजे कायमच्या अपंगत्वाची टक्केवारी. ही टक्केवारी डॉक्टरांच्या दाखल्यावर छापून येते आणि पुढे न्यायालय फक्त गुणाकार करते, अशी समजूत कामगारांमध्येच नव्हे तर काही वकिलांमध्येही आहे. या समजुतीमुळे कामगाराच्या हक्काची रक्कम कित्येकदा निम्म्यावर येते, म्हणून सुरुवात तिच्यापासूनच करणे योग्य ठरेल.

त्याआधी कायद्याची चौकट थोडक्यात पाहू. १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा २००९ च्या दुरुस्तीनंतर कर्मचारी नुकसानभरपाई कायदा या नावाने ओळखला जाऊ लागला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने घेतली असून नुकसानभरपाईची मूळ रचना संहितेतही बव्हंशी तशीच ठेवलेली आहे. मात्र नुकसानभरपाईचा हक्क आणि तिचा दर अपघाताच्या तारखेला लागू असलेल्या कायद्यावरून ठरतो. त्यामुळे २१ नोव्हेंबर २०२५ पूर्वी झालेल्या अपघातांचे दावे जुन्या कायद्याच्या कलमांनुसारच मांडावे लागतात, आणि पुढे दिलेले कलमांचे क्रमांकही जुन्या कायद्याचेच आहेत. महाराष्ट्रात या कायद्याखाली दावे ऐकून निकाल देणाऱ्या आयुक्ताचे काम कामगार न्यायालये पाहत आली आहेत.

दाखल्यावरची टक्केवारी म्हणजेच कमाईचे नुकसान, ही समजूत

शासकीय रुग्णालयातून मिळणारे दिव्यांग प्रमाणपत्र शरीराची हानी मोजते. ते सवलती, आरक्षण आणि शासकीय योजनांसाठी असते. नुकसानभरपाईचा कायदा वेगळीच गोष्ट मोजतो, ती म्हणजे कमाई करण्याची क्षमता किती गेली. एका पायाच्या हानीबद्दल प्रमाणपत्रावर चाळीस टक्के लिहिलेले असू शकते, परंतु तो पाय दिवसभर उभ्याने वेल्डिंग करणाऱ्या माणसाचा असेल तर त्याची कमाई चाळीस टक्क्यांनीच घटली असे मानण्यास काही आधार नसतो. कलम २ मधील व्याख्येनुसार, अपघाताच्या वेळी जी कामे करण्यास कामगार समर्थ होता त्या सर्व कामांसाठी तो असमर्थ झाला असेल, तर ते पूर्ण अपंगत्व होय.

या व्याख्येचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने एका सुताराच्या प्रकरणात स्पष्ट केला. हा निकाल (१९७६) १ एससीसी २८९ येथे प्रसिद्ध झाला आहे (एससीसी म्हणजे सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांचा संग्रह). चित्रपटगृहातील शोभेचे काम करताना तो सुतार पडला आणि त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला. ही दुखापत कायद्याच्या पहिल्या अनुसूचीच्या दुसऱ्या भागात, म्हणजे अंशतः अपंगत्वाच्या दुखापती व त्यांच्या टक्केवारीच्या यादीत, नमूद असल्यामुळे अपंगत्व अंशतःच धरावे, असा मालकाचा युक्तिवाद होता. एका हाताने सुतारकाम होऊ शकत नाही, या कारणास्तव चार न्यायाधीशांच्या पीठाने आयुक्तांनी धरलेले पूर्ण अपंगत्व कायम केले. पुढे २००८ मध्ये, युनायटेड इंडिया इन्शुरन्स कंपनी प्रतिवादी असलेल्या प्रकरणात, उजवा पाय गुडघ्यापर्यंत गमावलेल्या टँकरचालकाचे अपंगत्व उच्च न्यायालयाने ६५ टक्क्यांवर आणले होते, ते सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा १०० टक्के केले. २०१० मध्ये मोटार अपघाताच्या एका दाव्यात त्याच न्यायालयाने ही विचारपद्धती सविस्तर मांडली : कामगाराचा व्यवसाय कोणता, त्याचे वय किती, आता तो कोणत्या हालचाली करू शकतो व कोणत्या नाही, हे पाहून मगच कमाईच्या नुकसानीची टक्केवारी काढावी. डावा हात गमावलेल्या चालकाचे किंवा सुताराचे नुकसान जवळजवळ पूर्ण असू शकते, तर तीच हानी झालेल्या कारकुनाची नोकरी चालू राहू शकते, हे उदाहरण त्याच निकालात आहे.

या निकालांचा हवाला देणे सोपे आहे, पण त्यांना पुरावा जोडणे राहून जाते आणि खरी चूक तिथे होते. अर्जात केवळ ‘अर्जदार पॉवर प्रेसवर काम करीत होता’ एवढेच लिहिलेले असते. प्रेसवर दोन्ही हातांनी पत्रा धरावा लागतो का, डाय (प्रेसचा साचा) बदलताना किती वजन उचलावे लागते, पाळी किती तासांची असते, त्या वेळात बसण्याची सोय असते का, अपघातानंतर त्याने काम मागितले असता त्याला काय सांगण्यात आले, यांपैकी एकही गोष्ट नोंदीवर येत नाही. मग विमा कंपनीचा वकील उलटतपासात विचारतो की वॉचमनचे काम तर बसून करता येईल ना, आणि कामगार प्रामाणिकपणे ‘हो’ म्हणतो. माझ्या मते या एका उत्तराने जेवढे दावे अर्ध्यावर आले असतील, तेवढे कायद्याच्या कोणत्याही कलमाने आले नसतील. कामगाराने खोटे बोलू नये हे खरेच, परंतु अपघातापूर्वी तो वॉचमनचे काम करीत नव्हता, त्याचे कसब प्रेसचे होते आणि ते काम आता त्याला कोणी देत नाही, हे त्याच्या सरतपासणीतच, म्हणजे उलटतपासापूर्वीच्या त्याच्या स्वतःच्या साक्षीत, आलेले असले पाहिजे. याबाबतचे सर्वच निकाल एका दिशेचे नाहीत, म्हणूनच पुराव्याला इतके महत्त्व आहे.

डॉक्टरांची साक्ष याच कारणासाठी आवश्यक असते. दुखापत अनुसूचीत नसेल, उदाहरणार्थ मणक्याची इजा किंवा न जुळलेले हाड, तर कमाईच्या क्षमतेचे नुकसान नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाने ठरवावे लागते आणि ते ठरवताना अनुसूचीतील टक्केवारीही त्याने विचारात घ्यावी लागते. दाखल्यात केवळ शारीरिक टक्केवारी असेल आणि डॉक्टर साक्षीला आलेच नाहीत, तर आयुक्तांपुढे कमाईच्या नुकसानीचा वैद्यकीय पुरावाच राहत नाही. दाखला घेण्यासाठी जाताना कामाचे स्वरूप लेखी नेणे आणि दाखल्यात ‘कमाईच्या क्षमतेचे नुकसान’ स्वतंत्रपणे नमूद करण्याची विनंती करणे, हा साधा उपाय आहे.

याउलट दुखापत अनुसूचीत असेल तर किमान टक्केवारी कायद्यानेच ठरवलेली असते. एका हाताची चार बोटे गेल्यास ५० टक्के, अंगठा गेल्यास ३०, तर्जनी पूर्ण गेल्यास १४ टक्के. अवयव जागेवर आहे पण त्याचा वापर पूर्णपणे व कायमचा गेला आहे, तर तो अवयव गमावल्यासारखेच मानले जाते, अशी टीप अनुसूचीच्या शेवटी आहे, आणि तिच्याकडे वारंवार दुर्लक्ष होते. अशा दुखापतीनंतर मालकाने त्याच पगारावर कामावर ठेवले म्हणून कमाईचे नुकसान झालेच नाही, हा युक्तिवाद मुकाट्याने मान्य करू नये, कारण अनुसूचीतील नुकसान कायद्याने गृहीत धरलेले आहे.

पगाराचा आकडा

कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी मासिक वेतनाच्या ६० टक्के रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणले जाते. ३ जानेवारी २०२० पासून या हिशेबासाठी वेतनाची मर्यादा १५,००० रुपये आहे. त्याआधी, ३१ मे २०१० पासून, ती ८,००० रुपये होती. जुन्या अपघाताला नवी मर्यादा लावून मोठी रक्कम मागितली की अर्जाची विश्वासार्हता विनाकारण कमी होते.

समजा, भोसरीतील एखाद्या कारखान्यात ३५ वर्षांच्या प्रेस ऑपरेटरची उजव्या हाताची चारही बोटे गेली आणि त्याचे वेतन १८,००० रुपये आहे. मर्यादेमुळे १५,००० धरले जातील, त्यांचे ६० टक्के म्हणजे ९,००० रुपये, आणि ३५ वर्षांचा गुणक १९७.०६. पूर्ण अपंगत्व सिद्ध झाले तर १७,७३,५४० रुपये होतात, आणि केवळ अनुसूचीप्रमाणे ५० टक्के धरले तर ८,८६,७७०. आता याच कामगाराचा पगार कागदावर १०,००० दाखवलेला असेल आणि उरलेली रक्कम रोख दिली जात असेल, तर ५० टक्क्यांची रक्कम ५,९१,१८० पर्यंत घसरते. म्हणून बँकेचे उतारे, हजेरीपत्रक, मोबाईलवर आलेले पगाराचे संदेश, सोबत काम करणाऱ्यांची साक्ष, जे मिळेल ते जपून ठेवावे. मालकाने दिलेली राहण्याची किंवा जेवणाची सोय पैशात मोजता येत असेल तर तीही वेतनात धरता येते. प्रवासभत्ता आणि भविष्य निर्वाह निधीतील मालकाचा हिस्सा मात्र धरला जात नाही. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च कलम ४(२अ) प्रमाणे वेगळा मिळतो, त्यामुळे औषधांची बिले अर्जाला न जोडणे म्हणजे हक्काचे पैसे सोडून देणे होय.

पहिल्या तासातला कागद

जखमी कामगाराला रुग्णालयात नेणारा बहुधा सुपरवायझर किंवा ठेकेदाराचा मुकादम असतो. केसपेपरवर अपघाताचा इतिहास तोच सांगतो आणि अनेकदा ‘दुचाकीवरून पडला’ किंवा ‘घरी पडला’ असे लिहिले जाते. दोन वर्षांनी हाच कागद मालकाच्या वतीने दाखल होतो आणि अपघात कामातून व कामाच्या दरम्यान घडला हे सिद्ध करणे अवघड होऊन बसते. नातेवाइकांनी शक्य तितक्या लवकर केसपेपर वाचावा आणि नोंद चुकीची असल्यास रुग्णालयाला लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी. मालकालाही लेखी सूचना द्यावी. दाव्याची मुदत अपघातापासून दोन वर्षांची आहे. पुरेसे कारण असेल तर विलंब माफ होऊ शकतो, पण मालकाच्या तोंडी आश्वासनांवर विसंबून ती दोन वर्षे घालवू नयेत.

‘चूक कामगाराचीच होती’ हे वाक्य ऐकून दावाच दाखल न करणारेही पुष्कळ आहेत. साधा निष्काळजीपणा हा मालकाचा बचाव होत नाही. नशा, सुरक्षेच्या स्पष्ट आदेशाचा जाणूनबुजून भंग किंवा यंत्रावरचे सुरक्षाकवच जाणूनबुजून काढणे, हे बचाव कायद्यात आहेत. परंतु दुखापतीतून मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असेल तर तेही चालत नाहीत. म्हणजे पूर्ण अपंगत्व सिद्ध झाल्याने रक्कम तर वाढतेच, शिवाय मालकाचा हा मोठा बचावही निष्प्रभ होतो.

दार चुकणे

कामगार राज्य विमा योजनेत (ईएसआय) समाविष्ट असेल तर त्याला नुकसानभरपाईच्या कायद्याखाली मालकाकडे दावा करता येत नाही. १९४८ च्या विमा कायद्याचे कलम ५३ ते दार बंद करते, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये ते स्पष्ट केले आहे. २०१७ पासून योजनेची वेतनमर्यादा २१,००० रुपये असल्याने कारखान्यांतील बहुसंख्य कामगार तिच्यात येतात. तिथे एकरकमी भरपाईऐवजी सरासरी दैनिक वेतनाच्या ९० टक्के दराने, अपंगत्वाच्या प्रमाणात, आयुष्यभर लाभ मिळतो. टक्केवारी वैद्यकीय मंडळ ठरवते आणि ती मान्य नसल्यास वैद्यकीय अपील न्यायाधिकरण किंवा कर्मचारी विमा न्यायालयाकडे जाता येते. मालकाने नाव नोंदवले नव्हते एवढ्यावरून हा लाभ नाकारला जात नाही. त्यामुळे आस्थापना योजनेखाली येते का, हे दावा टाकण्यापूर्वी तपासावे.

ठेकेदाराचा कामगार असल्यास केवळ ठेकेदाराला प्रतिवादी करणे ही दुसरी हमखास चूक आहे. कलम १२ नुसार मूळ मालकाकडूनही भरपाई मागता येते आणि मूळ मालक ती रक्कम नंतर ठेकेदाराकडून वसूल करू शकतो. काम संपताच ठेकेदार पत्ता बदलतो हा अनुभव नवा नाही, म्हणून दोघांनाही, आणि विमा असल्यास विमा कंपनीलाही, पक्षकार करावे.

स्टॅम्पपेपरवरचा समझोता

‘उपचाराचा खर्च आणि पन्नास हजार रुपये मिळाले, यापुढे माझी कोणतीही मागणी नाही’ असे लिहून घेतलेले असते, आणि त्यावर सही केल्यामुळे सर्व संपले असे कामगाराला वाटते. कायद्याने दिलेला हक्क सोडून देणारा असा करार कलम १७ प्रमाणे निरर्थक आहे. एकरकमी समझोता आयुक्तांकडे नोंदवावा लागतो. तो नोंदवला नाही तर मालक पूर्ण भरपाईला जबाबदार राहतो, आणि आयुक्तांनी वेगळा आदेश दिला नसेल तर दिलेल्या रकमेपैकी निम्म्याहून अधिक वजावट त्याला मिळत नाही. महिला कामगाराला द्यायची एकरकमी भरपाई तर थेट हातात न देता आयुक्तांकडेच जमा करावी लागते. थोडक्यात, अशी सही झाली असली तरी दावा दाखल करावा, आणि मिळालेली रक्कम अर्जात लपवू नये.

व्याज, दंड आणि अपील

भरपाई अपघाताच्या दिवशीच देय होते, हे वर सांगितलेल्या सुताराच्या निकालातच ठरले होते आणि ओरिएंटल इन्शुरन्स कंपनीच्या २०१२ मधील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा ठामपणे सांगितले. तरीही निकालाच्या तारखेपासून व्याज मागणारे अर्ज आजही दाखल होतात. दरसाल १२ टक्के सरळव्याजाने ८,८६,७७० रुपयांवर वर्षाला सुमारे १,०६,४०० रुपये होतात; प्रकरण पाच वर्षे चालले तर किती रक्कम हातची जाते याचा हिशेब प्रत्येकाने करावा. विलंबाला योग्य कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंडही लागू शकतो, पण त्यासाठी मालकाला कारणे दाखवण्याची संधी द्यावी लागते आणि हा दंड विमा कंपनीकडून नव्हे, तर मालकाकडून वसूल होतो. म्हणून दंडाची मागणी मालकाविरुद्ध वेगळ्या परिच्छेदात करावी.

कमी टक्केवारीचा आदेश आल्यावर ‘उच्च न्यायालयात बघू’ असे म्हणणाऱ्यांनी कलम ३० आधी वाचावे. अपिलाची मुदत ६० दिवसांची आहे आणि कायद्याचा महत्त्वाचा मुद्दा असल्याशिवाय अपील ऐकलेच जात नाही. वस्तुस्थितीबाबत आयुक्त हेच अंतिम प्राधिकरण असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या अखेरीस दिलेल्या निकालात सांगितले आहे. कामगाराला हा नियम दोन्ही बाजूंनी लागू पडतो : आयुक्तांनी पुराव्याच्या आधारे १०० टक्के धरले असतील तर विमा कंपनीला केवळ टक्केवारी जास्त वाटते म्हणून ती कमी करून घेता येत नाही, आणि डॉक्टरांची साक्ष, कामाचे वर्णन व पगाराचे पुरावे आयुक्तांपुढे आलेच नसतील तर अपिलात ते पहिल्यांदा मांडण्याची संधी सहसा मिळत नाही.